मुंबईतली १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या जुन्या साथींचा विषय निघाला की बोलणं हमखास प्लेगकडे वळतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने त्या शरद ऋतूत दोन महिन्यांत वीस हजारांवर मुंबईकर नेले, पण त्याबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. म्हणूनच व्याख्यानांनंतर, पत्रांतून, फोनवर लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही साथ मुंबईत कधी आली आणि किती काळ टिकली?

पहिली लाट जून १९१८ मध्ये आली. जुलैच्या सुरुवातीला ती शिगेला पोचली आणि महिनाभरात ओसरली. अर्धं शहर तापाने फणफणलं, कचेऱ्या ओस पडल्या, पण बहुतेक लोक चार-आठ दिवसांत उठून कामाला लागले. 'संकट टळलं' असंच सगळ्यांना वाटलं.

सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती जीवघेणी होती. १० सप्टेंबर ते १० नोव्हेंबर हे तिचे दोन महिने. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू झाले. १९१९ मध्ये पुन्हा एक लहान उसळी आली, पण तिचा तडाखा तेवढा नव्हता. लोक 'साथ' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात हा सप्टेंबर-ऑक्टोबरच असतो.

२. साथ जहाजातून आली हे खरं आहे का?

बंदरातून आली, एवढं नक्की म्हणता येतं. मे महिन्याच्या अखेरीस एक जहाज मुंबईच्या गोदीला लागलं आणि साधारण दोन दिवस थांबलं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीत पहाऱ्यावर असायचा. हा ताप मलेरियाचा नव्हता. पुढच्या दहा दिवसांत पोर्ट ट्रस्ट, गोदीजवळच्या व्यापारी कंपन्या, बँका, टांकसाळ, तारऑफिस आणि गिरण्या इथली माणसं एकापाठोपाठ एक आजारी पडली. हा क्रम नकाशावर मांडला तर रोग बंदराकडून शहरात सरकताना स्पष्ट दिसतो.

म्युनिसिपालिटीचे आरोग्य अधिकारी होते डॉ. जे. ए. टर्नर. ताप रात्रीच्या चोरासारखा आला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. जहाजावरच्या माणसांनीच रोग आणला, यावर ते ठाम होते. वरिष्ठ सरकारचं म्हणणं उलट होतं : जहाजावरच्या लोकांनाच मुंबईत लागण झाली. महायुद्ध चालू होतं, सैनिकांची ने-आण करणारी जहाजं थांबवणं सरकारला परवडणारं नव्हतं. त्यामुळे दोष शहराच्या अस्वच्छतेवर टाकणं त्यांना सोयीचं होतं. मला टर्नर यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण त्यांच्याकडे तारखा होत्या.

३. 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात, मग स्पेनमधून आला का?

नाही. युद्धात उतरलेल्या देशांत वृत्तपत्रांवर बंधनं होती, स्पेन तटस्थ असल्यामुळे तिथे बातम्या मोकळेपणी छापून आल्या आणि नाव चिकटलं. भारतात कित्येकांनी त्याला 'बॉम्बे फीवर' म्हटलं. तेही तितकंच अन्यायाचं होतं.

४. आमची पणजी 'मानमोडी'च्या साथीबद्दल सांगायची. तीच ही साथ की प्लेग?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला 'मानमोडी' म्हणत. पण तोंडी आठवणींत साथी एकमेकींत मिसळतात, म्हणून तीन गोष्टी विचारून बघा.

आजाऱ्याला गाठ आली होती का? काखेत किंवा जांघेत गाठ असेल तर तो प्लेग. लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले होते का? तोही प्लेगच. आणि घरातली माणसं एकामागून एक न पडता एकदमच आजारी पडली का? तीन-चार दिवसांत छाती भरून, धाप लागून गेली का? तर बहुधा मानमोडी. 'दसरा-दिवाळीच्या सुमारास' असा धागा मिळाला तर शंका आणखी कमी होते.

५. मुंबई शहरात एकूण किती माणसं गेली?

दुसऱ्या लाटेच्या त्या दोन महिन्यांसाठी २०,२५८ हा आकडा दिला जातो. १९११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ९,७९,४४५ होती. त्या हिशेबाने पन्नासातला एक माणूस दोन महिन्यांत गेला. मुंबई इलाख्यात, म्हणजे सिंध, गुजरात, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा भाग मिळून, दहा लाखांहून जास्त मृत्यू झाले.

विदर्भातले वाचक इलाख्याच्या आकड्यात आपलं गाव शोधतात आणि ते सापडत नाही. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, आणि देशात सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्याचा हिशेबही वेगळा.

६. भारतातल्या मृत्यूंचे आकडे साठ लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत का दिले जातात?

कारण मृत्यू मोजले गेले नाहीत, त्यांचा अंदाज बांधावा लागला. गावात माणूस गेला की नोंद पाटील-कोतवालामार्फत वर जायची, आणि कारणाच्या रकान्यात बहुधा 'ताप' एवढंच असायचं. साथीच्या महिन्यांत नोंद करणाराच अंथरुणाला खिळलेला, कधी तोही गेलेला. त्यामुळे नोंदी सर्वांत जास्त तिथेच तुटल्या, जिथे मृत्यू सर्वांत जास्त होते.

सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांचा होता. पुढे अभ्यासकांनी दुसरी वाट धरली : नेहमीच्या वर्षांत साधारण किती मृत्यू होतात ते धरायचं आणि त्यावर १९१८ मध्ये किती वाढ झाली ती काढायची, किंवा १९११ आणि १९२१ च्या जनगणनांमधला खड्डा मोजायचा. या पद्धतीने काहींनी एक कोटी सत्तर-ऐंशी लाखांचा आकडा काढला, अलीकडच्या एका हिशेबात तो एक कोटी चाळीस लाखांच्या जवळ येतो. यांतला सर्वांत लहान सुधारित आकडा घेतला तरी जगात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी माणसं या साथीत गेली नाहीत. जनगणनांच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात आजच्या भारताच्या भूभागातली लोकसंख्या घटली.

७. सगळ्या मुंबईकरांना धोका सारखाच होता का?

नव्हता, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

त्या वेळी मृत्यूंची नोंद जात-जमातीप्रमाणे ठेवली जायची. त्यामुळे आज आपल्याला हजारी किती माणसं गेली ते गटवार दिसतं. युरोपियनांमध्ये हजारी ८.३, पारशांमध्ये ९.०, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२. आणि ज्यांना सरकारी तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं आहे, त्यांच्यात ६१.६. म्हणजे त्या वस्त्यांत सोळातला एक माणूस गेला. युरोपियनांच्या सातपटीहून जास्त.

विषाणू जात ओळखत नाही, मग हे झालं कसं? एक खोली डोळ्यांसमोर आणा. गिरणगावातली चाळ, लांबलचक गॅलरी, एका खोलीत नवरा-बायको, मुलं, गावाकडून आलेला भाऊ, शिवाय पाळीने झोपणारे दोन-तीन बिऱ्हाडकरू. तेव्हाच्या मुंबईत बहुसंख्य कामगार कुटुंबं एकखणी खोलीतच राहत. नळ खाली किंवा मजल्याच्या टोकाला. सोमवारी एकाला ताप आला की बुधवारपर्यंत सगळी खोली पडलेली. आता पाणी कोण आणणार? पेज कोण शिजवणार? रोजंदारी बुडाली, वाण्याची उधारी थकली. इन्फ्लुएन्झात न्यूमोनिया झालेल्या माणसाला त्या काळी वाचवणारं औषध नव्हतंच, पण पाणी, पेज, दूध, ऊब आणि उशाशी बसलेलं कुणीतरी, एवढ्यावर पुष्कळ जण तरून जात. नेमकं हेच त्या खोलीत नव्हतं.

पारशी समाजाचा आकडा इथे नीट पाहावा. तेही याच दमट, दाट शहरात राहत होते. पण घरं मोकळी, खाणं बरं, समाजाचे स्वतःचे दवाखाने आणि दानधर्माची बसलेली घडी. म्हणून ते युरोपियनांच्या जवळ दिसतात. 'हिंदी माणसाची प्रकृतीच नाजूक' हा तेव्हाचा लाडका युक्तिवाद या एका आकड्याने खोटा पडतो.

शहर झाडणारे, मैला वाहणारे, गोदीत ओझी उचलणारे लोक याच ६१.६ च्या गटातले. शहर ज्यांच्यावर चालत होतं, त्यांचेच सर्वांत जास्त बळी गेले. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

८. तरणीताठी माणसं जास्त का गेली? आणि बायका?

नेहमीचा फ्लू तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. या साथीत वीस ते चाळीस वयोगटाचे मृत्यू विलक्षण जास्त होते, आणि ते जगभर तसंच होतं. कारणांवर आजही एकमत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच अतिरेकी पेटून फुप्फुसांवर उलटली, हे एक स्पष्टीकरण. म्हाताऱ्यांना जुन्या एखाद्या फ्लूमुळे थोडं संरक्षण होतं, हे दुसरं.

भारतात मात्र आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. त्यावर गूढ काही नाही. घरातला आजारी बाईने सांभाळायचा, स्वतः तापात असताना चूल पेटवायची आणि सगळ्यांची पानं झाल्यावर उरलं तर जेवायचं. गरोदर बायकांबद्दल प्रश्न १९ पाहा.

९. म्युनिसिपालिटीने प्रत्यक्षात काय केलं?

सल्ले दिले, पत्रकं वाटली, दवाखान्यांतून औषध दिलं आणि आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयात जमतील तेवढे रुग्ण घेतले. गर्दी टाळा, मोकळ्या हवेत झोपा, ताप आला की पडून राहा, अशा त्या सूचना. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण प्रश्न ७ मधल्या खोलीत मोकळी हवा आणायची कुठून, आणि रोजंदारीवाल्याने पडून राहायचं कसं?

टर्नर यांच्यावर तेव्हा वृत्तपत्रांनी बरीच टीका केली. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती येऊ न देणं हे आरोग्य खात्याचं काम, असा सूर होता. माझं मत असं की टर्नर यांनी रोगाची वाट अचूक ओळखली होती, पण बंदर त्यांच्या ताब्यात नव्हतं आणि घरबांधणीही नव्हती. जी दोन दारं बंद करता आली असती, त्यांतल्या एकाचीही किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

१०. लॉकडाऊन, मास्क, सक्तीचं विलगीकरण असं काही झालं का?

सरसकट टाळेबंदी झाली नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले, फक्त साच्यांवर माणसं कमी होती. आगगाड्या चालू, बोटी चालू. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मास्क न लावणाऱ्याला दंड होत होता, तसा आदेश मुंबईत निघाला नाही.

कायदा हाताशी नव्हता असं नाही. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्याच प्लेगमुळे झाला होता (महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये वापरला तोच). पण प्लेगमधल्या सक्तीचा अनुभव ताजा होता. घरांत घुसून झडत्या, माणसं ओढून रुग्णालयात नेणं, सामान जाळणं, आणि त्या संतापातून जून १८९७ मध्ये पुण्यात झालेला रँडचा वध. वीस वर्षांनी पुन्हा तो विस्तव हातात घ्यायला सरकार तयार नव्हतं. शिवाय इन्फ्लुएन्झाचा वेग असा की आजारी माणूस शोधून हलवेपर्यंत सगळी चाळ आजारी. प्लेगची हत्यारं इथे चाललीही नसती.

११. वरचं सरकार तेव्हा कुठे होतं?

मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं, भारत सरकार सिमल्याला असायचं. शहर जळत असताना साहेब थंड हवेत बसलेत, हा राग तेव्हाच्या देशी वृत्तपत्रांत सारखा दिसतो. लष्करी सेवेसाठी डॉक्टर आणि परिचारिका मोठ्या संख्येने बाहेर गेलेल्या. धान्य निर्यात होत होतं, मालडबे युद्धसामग्रीला लागत होते. सरकारची अडचण खरी होती, पण ती अडचण त्याने स्वतःच निवडलेल्या प्राधान्यक्रमातून आली होती.

१२. मग लोकांना मदत कोणी केली?

लोकांनीच. या साथीतला मनाला उभारी देणारा भाग हाच आहे.

मुंबईत १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ते कार्यकर्ते. लीगची माणसं गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा चालवत होती, म्हणून त्यांना चाळ न् चाळ ठाऊक होती. साथ आल्यावर हीच ओळख कामी आली. स्वयंसेवक घरोघर गेले, औषध पोचवलं, दूध दिलं, घोंगड्या आणि कपडे दिले, फिरते दवाखाने चालवले. त्यांच्या जोडीला जातवार आणि धर्मवार संस्था, व्यापाऱ्यांचे निधी, खासगी डॉक्टर, वैद्य आणि कॉलेजची मुलं उभी राहिली. सुशिक्षित, सुस्थितीतले लोक गरिबांच्या मदतीला एवढ्या संख्येने यापूर्वी कधी आले नव्हते, अशी कबुली सरकारी अहवालातही आहे.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. जातवार संस्था आपापल्या माणसांना आधी पाहत. ज्यांच्या जातीकडे पैसा नव्हता, त्यांच्याकडे अशी संस्थाही नव्हती. लीगसारखे सर्वांकडे जाणारे गट होते, पण ते गरजेच्या मानाने थोडे. प्रश्न ७ मधल्या आकड्यांत हेही एक कारण मिसळलेलं आहे.

१३. पणजोबा केईएममध्ये गेले असं घरी सांगतात. हे शक्य आहे का?

१९१८ मध्ये शक्य नाही. केईएम १९२६ मध्ये सुरू झालं, नायरचं वैद्यकीय महाविद्यालय १९२१ मधलं. त्या वेळी जे. जे., गोकुळदास तेजपाल म्हणजे जी. टी., बायकांसाठी कामा, बोरीबंदरजवळचं सेंट जॉर्ज आणि साथीच्या रोगांचं आर्थर रोड रुग्णालय होतं. आर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. घरातली आठवण बहुधा 'परळकडचं मोठं हॉस्पिटल' अशी असते आणि नंतरच्या पिढ्या तिला ओळखीचं नाव देतात.

१४. औषध किंवा लस होती का?

रोगाचं कारणच माहीत नव्हतं. १८९२ मध्ये फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेला जिवाणू इन्फ्लुएन्झाचं कारण मानला जात होता. जगभर ज्या लसी टोचल्या गेल्या त्या अशा जिवाणूंपासून बनवलेल्या होत्या. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये. मुंबईकडे परळची जिवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा होती, जी पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली. प्लेगच्या लशीने तिचं नाव झालेलं, पण इथे शत्रूच वेगळा होता आणि तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारा नव्हता.

क्विनीन, ॲस्पिरिन, काढे, शेक हे सगळं लोकांनी केलं. बरेचसे मृत्यू विषाणूच्या मागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, आणि त्यावर चालणारं पेनिसिलिन सापडायला अजून दहा वर्षं होती.

१५. त्याच वर्षी दुष्काळही होता ना?

हो, आणि साथ दुष्काळापासून वेगळी काढताच येत नाही. १९१८ चा पाऊस देशभरात सरासरीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्वांत वाईट वर्षांत ते मोडतं. पिकं करपली, वैरण संपली, दूध आटलं. युद्धामुळे भाव आधीच चढलेले. घरभाडी एवढी वाढली की सरकारला १९१८ मध्येच मुंबईसाठी भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. उपाशी माणूस सप्टेंबरच्या लाटेला सामोरा गेला, आणि जे शेतकरी अंथरुणात होते त्यांची रब्बीची पेरणी राहिली. म्हणजे रोगाने पुढच्या वर्षाची भूकही पेरून ठेवली.

१६. सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या का? आणि गांधीजींना हा फ्लू झाला होता का?

दोन्ही समज चुकीचे आहेत.

सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली. साथ वेगळी, वर्षही वेगळं.

गांधीजी १९१८ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत अतिशय आजारी होते, पण तो आमांशाचा विकार होता. लोक वर्ष पाहतात आणि फ्लूशी जोडतात. त्यांच्या घरात मात्र साथ शिरली. थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या पत्नी गुलाब या इन्फ्लुएन्झाने गेल्या.

१७. मुंबईतून ती बाकीच्या देशात कशी गेली?

रेल्वेने आणि बोटीने. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही रेल्वे मुंबईतून सुटत, टपाल आणि सैनिक त्यांतूनच जात. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, ये-जा बोटींची. गिरण्यांतल्या कामगारांत कोकणातल्या लोकांचा भरणा मोठा, त्यामुळे परळ-लालबागचा ताप खाडीकाठच्या गावात पोचायला फार दिवस लागत नसत.

पूर्वेकडे जाता जाता साथ मंदावली. बंगालात ती उशिरा पोचली आणि मृत्यूचं प्रमाणही पश्चिम भारतापेक्षा बरंच कमी राहिलं. म्हणून कलकत्त्याचे आकडे घेऊन मुंबईचा अंदाज करू नका.

१८. २००९ चा स्वाइन फ्लू म्हणजे हाच विषाणू का?

कुळ एक, विषाणू वेगळा. दोन्ही एच१एन१ जातीचे. १९१८ च्या विषाणूची जनुकीय रचना शास्त्रज्ञांनी अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या मृतदेहातून आणि जपून ठेवलेल्या ऊतींच्या नमुन्यांतून मिळवली आणि २००५ मध्ये तो पूर्ण उलगडला. २००९ च्या विषाणूत डुकरांमधल्या आणि पक्ष्यांमधल्या वंशांची सरमिसळ होती. ऑगस्ट २००९ मध्ये या आजाराने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, त्यामुळे महाराष्ट्रात ही तुलना फार होते. पण तोवर प्रतिजैविकं, ऑक्सिजन, विषाणूरोधक गोळ्या आणि पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्था होती. १९१८ मधल्या माणसाकडे यांतलं काहीच नव्हतं.

१९. खापरपणजी ऑक्टोबर १९१८ मध्ये 'बाळंतपणात' गेली असं घरी सांगतात. तो इन्फ्लुएन्झा असू शकेल?

असू शकेल, आणि ही शक्यता गंभीरपणे घ्यायला हवी. या साथीत गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं. तापात गर्भपात व्हायचा किंवा अवेळी कळा सुरू व्हायच्या, आणि पुढे आईही जायची. घरच्यांच्या आठवणीत बाळंतपण राहिलं, ताप पुसला गेला.

दोन गोष्टी तपासा. त्याच पंधरवड्यात घरात किंवा शेजारी आणखी कोणी गेलं का? आणि बाळ दिवस भरण्याआधी झालं होतं का? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर इन्फ्लुएन्झाची शक्यता बळकट. बाई महिनाभर अंथरुणात राहून, अंग सुजून गेली असेल तर कारण वेगळं असण्याचा संभव जास्त. असाच प्रश्न 'क्षयाने गेले' या आठवणीबद्दल येतो. मूळचा क्षय असलेली बरीच माणसं या साथीत आधी गेली, तेव्हा तिथे दोन्ही खरं असू शकतं.

२०. आमच्या घरातल्या माणसाची नोंद कशी शोधायची?

आधी घरातूनच सुरुवात करा. वडिलोपार्जित चोपड्या, लग्नपत्रिका, जमिनीच्या वारसनोंदी पाहा. १९१९ आणि १९२० मधल्या वारस फेरफारांत अचानक झालेले मृत्यू सापडतात, कारण कर्ता पुरुष गेला की जमिनीवर नाव बदलावंच लागे. कित्येक घरांत श्राद्धाची तिथी जपलेली असते. भाद्रपद ते कार्तिक यांतली तिथी असेल तर १९१८ चं पंचांग काढून इंग्रजी तारीख मिळवा.

मृत्यू मुंबईत झाला असेल तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी महापालिकेकडे विचारा. नाव, अंदाजे महिना आणि राहण्याचा भाग सांगता आला तर शोध आवाक्यात येतो, नुसतं आडनाव पुरत नाही. कारणाच्या रकान्यात 'इन्फ्लुएन्झा' लिहिलेलं नसेल तर निराश होऊ नका. 'ताप', 'न्यूमोनिया', 'श्वसनाचा विकार' या नोंदींखाली त्या महिन्यांतले असंख्य मृत्यू गेले आहेत (प्रश्न ६ पाहा). नावाचं लेखनही सैल असतं. एकच माणूस एका नोंदीत आडनावाने, दुसरीत जातीच्या नावाने आणि तिसरीत बापाच्या नावाने सापडतो.

साथीच्या एकंदर कागदांसाठी फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात जा. आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहार हाच तिथला खजिना. तिथे व्यक्तींची नावं मिळणार नाहीत, पण तुमच्या पणजोबांच्या वॉर्डात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते कळू शकतं. जायच्या आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी बोलून घ्या आणि ते बोलणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा. अहवाल पुढच्या वर्षीही तिथेच असतील.